घोंगडीच्या गोष्टीचं शेवटचं पान

आये, घोंगडीच्या गोष्टीचं शेवटचं पान अखेर सापडलं. गेल्या महिन्यात साताऱ्याला जाऊन मी ते वाचून आले. तुझं बरोबर होतं. चोरी भाच्यानेच केली होती, स्वयंपाकिणीचा काही दोष नव्हता. तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि आता हे सांगायला बसले आहे, म्हणजे निकाल लागला तेव्हा फिर्यादीच हजर नाही अशातली गत. पण सांगायचं आहे ते एवढंच नाही. त्या दिवशी गोष्टीचा जो शेवट मी तुला वाचून दाखवला तो पुस्तकात नव्हता, तो मी मनाने रचला होता. आणि माझ्या त्या खोटेपणामुळे पुढे शेजारच्या वैनीचा संसार मोडला की काय, हा प्रश्न मी बारा वर्षांची असल्यापासून घेऊन फिरते आहे. त्याचं उत्तरही गेल्या महिन्यातच मिळालं. ते मला वाटत होतं तसं निघालं नाही, म्हणून हे पत्र.

आधी माझं सांगते. तू गेलीस तेव्हा मी कुपवाडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. ओतीव भाग यायचे, ते हातात घेऊन, मोजून, उजेडात फिरवून बघायचे आणि खराब असेल तो बाजूला काढायचा. बाकीच्यांना यंत्र लावल्यावर सापडायची ती चीर मला नुसती दिसायची, आणि साहेब म्हणायचे, मॅडम, ही नजर कुठून आणली? मी हसून सोडून द्यायचे. माण तालुक्यातल्या एका वस्तीवर मेंढरांमागे फिरणाऱ्या बाईकडून आणली, असं मी एकदाही म्हणाले नाही. नोकरी संपल्यावर इथे सांगलीत एका वाचनालयाच्या मासिकपत्रात लिहायला लागले. दर महिन्याला एक जुनी रहस्यकथा घ्यायची, पुन्हा वाचायची आणि ती आजही उभी राहते का ते सांगायचं. शेवट फोडायचा नाही, एवढा एकच नियम मी पाळते. बाकी मी कुणाची भीड ठेवत नाही. एका नावाजलेल्या कथेला मी ‘पंचवीस पानं वाट बघायला लावून रिकाम्या हाताने परत पाठवते’ असं लिहिलं, तर संपादकांना तीन फोन आले.

जन्मभर हेच वाचलं. घरात सगळे म्हणतात, या वयात लोक पोथी वाचतात आणि ही खून वाचते. त्यांना काय सांगायचं! रहस्यकथेची खरी गंमत दुसऱ्या वाचनात असते. पहिल्यांदा आपण चोराच्या मागे धावतो. दुसऱ्यांदा चोर कोण ते ठाऊक असतं, मग लिहिणाऱ्यावर नजर ठेवता येते. त्याने धागा कुठे टाकला, आपलं लक्ष कुठे वळवलं, कुठे प्रामाणिक राहिला आणि कुठे हात मारला, ते सगळं दिसतं. जो दुसऱ्या वाचनातही लबाड ठरत नाही तो मोठा लेखक. हे मी एका परीक्षणात लिहिलं आणि वाचकांना फार आवडलं. पण लबाड हा शब्द तुझा होता. शेवटच्या पानावर अचानक जुळा भाऊ काढणारी ती गोष्ट आठवते? तू परातीतले हात तसेच धरून म्हणालीस, “जुळा भाऊ व्हता तर आधी सांगाया नगं? ह्यो लिवणाराच लबाड हाय.” आजही एखादी गोष्ट वाचून झाली की मी थांबते आणि तू असतीस तर ‘व्हय की गं’ म्हणाली असतीस का, एवढंच बघते. वाचकांना वाटतं, बाईंची कसोटी मोठी कडक आहे.

आबा मुंबईत गोदामात माल चढवायचे आणि वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि जत्रेला, घरी यायचे. येताना रद्दीतून उचललेली मासिकं आणायचे. पहिली दोन पानं नाहीत, कव्हर नाही, कशावर तेलाचा डाग. बोचकं सोडलं की खाऊच्या आधी मी त्यांवर पडायचे. आपल्या त्या चार घरांच्या वस्तीवर वाचता येणारी मी एकटी. सगळ्यांची पत्रं मीच वाचायची, उत्तरं मीच लिहायची. तू आबांना पत्र सांगायचीस ते अजून कानात आहे: “लिव, मेंढरं ठीक हायती, पाऊस न्हाई, तुमी जिवाला जपा.” आणि सांजेला तू भाकरी थापायला बसलीस की मी चुलीच्या पलीकडे बसून गोष्ट वाचायची. तू समोर, मधे जाळ, मी इकडे. हुलग्याचं माडगं रटरटतंय, बाजरीच्या पिठाचा वास येतोय आणि मी एका श्रीमंताच्या दिवाणखान्यातला खून वाचते आहे. दिवाणखाना म्हणजे काय ते मलाही ठाऊक नव्हतं.

आणि गोष्ट निम्मी झाली की तू चोर सांगायचीस. दर वेळी नाही, पण दहात सात वेळा. त्याचं कारण मला नंतर कळलं. मी शब्द ऐकायचे, तू माणसाचे हातपाय बघायचीस. ‘तो घाईघाईने जिना चढला आणि शांतपणे म्हणाला’ असं वाचलं की तू म्हणायचीस, “जिना चढून आल्याला माणूस शांत कसा बोलंल? आधी धापा टाकंल की.” चाळीस मेंढरांतलं लंगडतं कुठलं, ते धुळीतल्या ठशांवरून ओळखणारी बाई तू. तुझ्यापुढे कागदावरचे चोर काय टिकणार! मला याचा अभिमान वाटायला हवा होता. मला मात्र राग यायचा. शाळेत मी जाते, वाचते मी, आणि चुलीपुढे बसून चोर सांगणार ही. बारा वर्षांच्या पोरीचा राग तो, पण खरा होता.

त्याच रागात घोंगडीची गोष्ट आली. थंड हवेच्या गावातला बंगला, म्हातारा मालक, त्याच्या पेटीतून मृत्युपत्र नाहीसं झालेलं. दुपारपासून पाऊस कोसळतो आहे. दिवेलागणीला भाचा येतो आणि सांगतो की मोटारतळापासून दोन कोस पावसातून चालत आलो, अंगावर ही घोंगडी होती म्हणून बरं. घोंगडी खुंटीला अडकवतो. घटकाभरात गुप्तहेर येतो. स्वयंपाकीण दिवसभर घरात होती आणि मागच्या दाराची किल्ली तिच्याकडे होती, म्हणून सगळे तिच्याकडे बोट दाखवतात. गुप्तहेर म्हणतो, चला, बाग बघू. भाचा खुंटीवरची घोंगडी एका बोटाने उचलतो, खांद्यावर टाकतो आणि पुढे निघतो. गुप्तहेर दारातच थांबतो आणि म्हणतो, ‘बागेत जायची गरज नाही. चोर कोण ते मला कळलं.’ इथे पान संपलं. मी पुढे बघितलं, तर पुढचं पान नव्हतंच, नुसत्या शिवणीत अडकलेल्या कागदाच्या चिंध्या होत्या.

मी तसं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तू म्हणालीस, “भाचा.” मी विचारलं, कशावरून? “एका बोटानं उचलतोय न्हवं? दोन कोस पावसात भिजल्यालं घोंगडं एका बोटानं उचलून दाव मला. खांदा निखळंल. त्यो बाहेरनं आलाच न्हाई ग. सकाळधरनं घरातच दडून व्हता.” तू हे म्हणालीस आणि भाकरी तव्यावर टाकलीस. मला वाटलं, शेवटचं पानसुद्धा लागत नाही हिला! मग मी नजर त्याच पानावर ठेवली आणि वाचायला लागले. स्वयंपाकिणीनेच किल्लीने दार उघडलं होतं, तिच्या पिठाच्या डब्यात मृत्युपत्र सापडलं, ती मालकाच्या पाया पडली, असं बरंच काही. चांगलं लांबलचक वाचलं. स्वयंपाकीण निवडली कारण ती सोपी होती. तिच्या बाजूने बोलायला गोष्टीत कुणी नव्हतं.

“आनि घोंगडं?” तू विचारलंस. मी म्हणाले, घोंगडीचं काही नाही, ते उगाच. “उगंच कसं लिवतील?” मी म्हणाले, “मला काय माहीत? छापलंय तसं वाचलं.” तू माझ्याकडे बघितलंस. मग तवा उतरवलास. त्या दिवशी तू आणखी काही विचारलं नाहीस आणि मी जिंकले म्हणून दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढे चारेक महिन्यांनी उन्हाळ्यात शेजारच्या घरातली तीन कोकरं गेली. ते घर आबांच्या चुलतभावाचं. थोरला मुलगा मुंबईत आबांच्याच गोदामात, त्याची बायको साताऱ्याच्या खंडाळ्याकडची, नवीच, विशीची. मी तिला वैनी म्हणायचे. मेंढरं चरायला गेली की कोकरं काट्याच्या कुंपणात मागे ठेवायची आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, हे तिचं काम. भर दुपारी कोकरं गेली, कुंपणाचं दार उघडं. सासू म्हणाली, ही झोपली, दार लावलं नाही आणि लांडग्याने नेली. वैनी रडून सांगत होती की दार मी लावलं होतं, पण तिचं ऐकायला वस्तीवर कुणी नव्हतं. तू तिकडे जाऊन आलीस. कुणाशी बोलली नाहीस, नुसती कुंपणाभोवती फिरलीस आणि रस्त्यापर्यंत जाऊन परत आलीस.

सांजेला भाकरी थापताना तू मला म्हणालीस, “लांडगा न्हाई ग. लांडगा आला की कोकरं चौवाटा पांगत्यात. ही एका वळीनं गेल्याती, हाकून नेल्यावानी. आनि वळीच्या कडंला टायरच्या चपलंचा ठसा हाय, पार रस्त्यापातूर. इकाया नेल्याती.” टायरच्या चपला वस्तीवर एकाच्याच पायात होत्या, वैनीच्या धाकट्या दिराच्या. पुस्तकाबाहेरचा पहिलाच चोर होता तो. मी म्हणाले, मग सांग की त्यांना! तू भाकरी हातावर तशीच धरलीस आणि विचारलंस, “त्या घोंगड्याच्या गोष्टीत चोरी त्या बाईनंच केली व्हती न्हवं? तसंच छापल्यालं व्हतं?” मी म्हणाले, “व्हय.” “नक्की?” मी पुन्हा म्हणाले, “व्हय.” तू भाकरी तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस, उलटलीस. त्यानंतर कोकरांचा विषय तू माझ्यापुढे काढला नाहीस. चौथ्या दिवशी वैनीला माहेरी पाठवलं आणि ती परत आली नाही.

मी त्याचा अर्थ लावला तो असा. तुला ठशांवरून खरं कळलं होतं, पण गोष्टीत तुझं चुकलं असं मी सांगितलं होतं, छापील कागदाचा दाखला देऊन. त्यामुळे तुझाच तुझ्यावरचा विश्वास उडाला आणि तू तोंड उघडलं नाहीस. म्हणजे वैनी गेली ती माझ्यामुळे. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुला सांगायला तर तुझ्या मरणापर्यंत वेळ होता, तेही केलं नाही. त्यानंतरही तू गोष्टी ऐकायचीस, पण चोर सांगायचं सोडलंस. “तू वाच, मी ऐकती,” एवढंच. समोर बसायचीस ती वाचायच्या वेळी माझ्या शेजारी येऊन बसायला लागलीस, खांद्याला खांदा लावून. मला ते फार आवडायचं. आबांची पत्रं मात्र तू पोस्टमनकडून वाचून घ्यायला लागलीस, उत्तरंही त्यालाच लिहायला सांगायचीस. म्हणायचीस, “पोरीला अब्यास आसतोय.” मला वाटलं, बरं झालं, एक काम कमी झालं.

दोन वर्षांत मी वीस-बावीस गोष्टींवर लिहिलं, पण घोंगडीच्या गोष्टीच्या वाटेला गेले नाही. शेवटचं पान सापडत नाही, ही सबब होती. खरं म्हणजे मी ते कधी शोधलंच नव्हतं. एकदा सहज लेखात उल्लेख केला, तर एका वाचकाने कळवलं की त्या मासिकाचे जुने बांधीव अंक साताऱ्याच्या एका वाचनालयात आहेत. संपादक मागे लागले, बाई, दिवाळी अंकासाठी हीच घ्या. मग सकाळची एसटी धरून गेले. ग्रंथपाल बाईंनी तीन जाडजूड खंड समोर आणून ठेवले आणि जपून उलटा म्हणाल्या. अंक सापडला, गोष्ट सापडली. शेवटच्या पानावर गुप्तहेर कोरडी घोंगडी सगळ्यांच्या हातात देतो, मग दुसरी घोंगडी पाण्यात बुडवून त्यांच्या हातात देतो आणि विचारतो, आता सांगा. स्वयंपाकीण दारात उभी राहून रडते. पानभराचा शेवट. तू एका वाक्यात सांगितला होतास.

तिथून मी सांगलीला परतायला हवं होतं. स्टँडवर सांगलीची गाडी लागलेली होती. मी मात्र खंडाळ्याच्या गाडीत चढले. वैनीच्या माहेरचं गाव मला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि खंबाटकीच्या घाटातून मी पुण्याला निदान शंभर वेळा गेले असेन. खाली उतरून विचारायचं तेवढं कधी केलं नव्हतं. त्या दिवशी ते दहा मिनिटांत झालं. आपल्या भाच्याच्या घरापुढच्या ओट्यावर बसून वैनी घेवडा निवडत होती. शाळेत खिचडी शिजवायचं काम तिने बरीच वर्षं केलं, भावाची मुलं वाढवली, पुन्हा लग्न केलं नाही. आता सत्तरी आली आहे, पण हात अजून भराभर चालतात.

“कोन म्हनायचं?” तिने विचारलं. मी म्हणाले, वैनी, मी माणातली, तुमच्या सासरच्या शेजारची. तिने डोळे बारीक केले. “ती पुस्तक वाचणारी पोरगी का काय? आगं बाय! केस पिकलं की गं तुझं. बस, बस.” मी बसले आणि चहाही न घेता सगळं सांगून टाकलं. घोंगडी, फाटलेलं पान, माझा खोटा शेवट, कुंपणाजवळचे ठसे, सगळं. म्हणाले, आईला ठाऊक होतं तुमची चूक नव्हती, पण माझ्यामुळे तिचा स्वतःवरचा भरोसा गेला, म्हणून ती बोलली नाही. वैनी शेंगा सोलायची थांबली आणि हसली. मला तिचं हसणं कळेना.

“तुझ्या आईचा सोतावरचा भरोसा गेला? कुनी सांगितलं तुला? मला फाट्यापातूर पोचवाया तुझी आईच आली व्हती. माझं गठुळं तिनंच घेतलं व्हतं. म्हनली, सूनबाई, तुझ्या हातनं काय झालं न्हाई, कोकरं हाकून नेल्याती, मी वळ बघितलीया. मी म्हनलं, आत्याबाई, मग माज्या मालकाला तेवढं पत्र धाडा. सासू न्हाई ऐकायची, त्यो ऐकंल. तवा तिनं गठुळं खाली ठिवलं.” वैनीने माझ्याकडे बघितलं. “म्हनली, पत्र लिवणारी घरात येकच हाय आनि तिचा मला भरोसा न्हाई.”

वैनी सांगत राहिली. “म्हनली, ती छापल्यालं वाचती का मनचं वाचती, मला उमगत न्हाई. एका गोष्टीला शेवटाला तिनं पान उलटलंच न्हाई. घटकाभर वाचत व्हती, पर पान उलटलं न्हाई. मी परवा दोनदा इचारून बघितलं, तोंडावर व्हय म्हनली. उद्या तुझ्या पत्रात बी मनचं घातलं, तर तुझाच गळा कापंल.” मी विचारलं, मग पोस्टमन होता की, मास्तर होते. “आसलं घरातलं पत्र परक्याकडनं लिवून घेत्यात व्हय? साऱ्या गावात झालं आसतं. दिवाळीला तुझा बा आला, त्याला तिनं सांगितलं, त्यानं माझ्या मालकाला सांगितलं. पर तवर तिकडं दुसरी सोयरीक ठरली व्हती.”

मी विचारलं, वैनी, माझा राग नाही आला? तिने पुन्हा शेंग हातात घेतली. “लहान व्हतीस. रागवून काय करायचं? पर पत्र गेलं आसतं तर बरं झालं आसतं, बाय.” एवढं बोलून तिने आत हाक मारून चहा टाकायला सांगितला. निघताना तिने निवडलेला घेवडा पिशवीत बांधून दिला, मी नको म्हणत असतानाही. तो मी सांगलीला आणून शिजवला.

परतीच्या गाडीत मला सगळं एकेक करून समजत गेलं, जसं ते दुसऱ्या वाचनात समजतं. सगळे धागे समोरच होते. तू शेजारी येऊन बसायला लागलीस ती माझ्या हातातलं पान बघायला. उलटतं आहे की नाही, डोळे ओळीवरून फिरतात की नुसते थांबलेत, ते बघायला. आबांची पत्रं पोस्टमनकडे गेली ती माझ्या अभ्यासासाठी नाही. चोर सांगायचं सोडलंस कारण मी पुढे वाचेन ते खरंच तिथे असेल याची खात्री तुला राहिली नव्हती. इतकी वर्षं मी समजत होते की तुझा स्वतःवरचा विश्वास गेला. तो कधीच गेला नव्हता, गेला होता तो माझ्यावरचा. आणि तू मला तसं एका शब्दाने जाणवू दिलं नाहीस. रागावलीही नाहीस. रागावली असतीस तर मी रडले असते, कबूल केलं असतं आणि त्याच दिवशी पत्र लिहिलं असतं. आये, याचा मला तुझ्यावर थोडा राग आहे. दोनदा विचारलंस, तिसऱ्यांदा विचारायचं होतंस.

पण तिसऱ्यांदाही मी व्हयच म्हणाले असते, हेही मला कळतं. आणि शेजारी बसायचीस त्यात नुसती तपासणीच होती असं मी मानणार नाही. थंडीत तुझं लुगडं माझ्या पायांवर ओढून घ्यायचीस, ते काही पान बघण्यासाठी नव्हतं. एवढं मला राहू दे.

परीक्षण लिहून झालं आहे. गोष्ट प्रामाणिक आहे, धागा वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवलेला आहे, आजही उभी राहते, असं लिहिलं. पहिल्या खर्ड्यात ‘घोंगडीचा धागा मला लहानपणीच लक्षात आला होता’ असं एक वाक्य हातून गेलं. बघ, मनचं घालायची खोड अजून आहे. ते काढलं. त्याजागी लिहिलं की हे कोडं अक्षर न वाचणाऱ्या एका मेंढपाळ बाईने शेवटच्या पानाशिवाय सोडवलं, आणि तिला पान वाचून दाखवणाऱ्या मुलीने तिला फसवलं. ती बाई आणि ती मुलगी कोण तेही लिहिलं. अंक निघाला की खंडाळ्याला जाऊन वैनीला तो वाचून दाखवणार आहे. तिच्या शेजारी बसेन, म्हणजे तिला पान दिसेल. तिच्या सासरी आता त्या धाकट्या दिराची नातवंडं आहेत, त्यांनाही एक अंक पाठवायचा का, ते वैनीला विचारून ठरवेन.

हे पत्र मात्र कुठे पाठवणार? तू असतीस तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. त्यात मनचं काही घातलेलं नाही. एकच गोष्ट लिहायची टाळली होती. साताऱ्याच्या त्या खोलीत शेवटून दुसरं पान वाचून झालं तेव्हा मी लगेच पुढे गेले नाही. पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून बसले आणि मनात म्हणाले, देवा, स्वयंपाकीणच चोर निघू दे. तिचा दोष नाही हे मला बाराव्या वर्षीच पटलं होतं, तू घोंगड्याचं बोललीस त्याच क्षणी. तरीही म्हणाले. ग्रंथपाल बाईंनी दोनदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. ते पान उलटायला मला फार वेळ लागला, आये.